मामांचा सकाळचा पाला

खानापुरातल्या झाडून साऱ्या सापांना आमचे मामेसासरे ओळखत असत, आणि मला तर वाटे की सापही त्यांना ओळखून आहेत. जंगलखात्याच्या लाकूड डेपोवर त्यांनी तीस वर्षं ओंडके मोजले. ओंडक्यांच्या सांदीत निघणारे साप मोजायला कुणी सांगितलं नव्हतं, ते काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं. पेन्शनीत निघाल्यावर ओंडके सुटले, साप सुटले नाहीत. माझी बेळगावहून इथल्या शाळेत बदली झाली आणि बिऱ्हाड नेमकं त्यांच्या शेजारी मिळालं, तेव्हा सासरची सगळी मंडळी निश्चिंत झाली. एक मी मात्र झालो नाही. कारण मामा घरी आले की माणसांकडे बघतच नसत. हातात चहाची बशी, आणि नजर मात्र आढ्यावरच्या कौलांतून, न्हाणीच्या मोरीतून, उंबऱ्याखालच्या फटीतून हळूहळू फिरत असे. मध्येच बशी ओठांपाशी थांबे. मान कलती करून ते कानोसा घेत आणि पुटपुटत, "हलू नका कुणी." पाच पाच मिनिटं आम्ही श्वास धरून बसायचो. मग उरलेला चहा संपवून ते म्हणत, "उंदीर हाय. पर उंदीर आला म्हंजे त्येच्या मागनं कोण तरी येणारच." त्या दिवशी मग जेवणावर कुणाची वासना राहत नसे.

दिवेलागणीनंतर घरात सापाचं नाव घ्यायचं नाही, 'लांबडं' म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. मामांना तिचा मनस्वी राग. समोरच्या काकू एकदा "मामा, चुलीमागं लांबडं!" म्हणून ओरडत आल्या, तर मामांनी त्यांना दारातच उभं करून उलटतपासणी सुरू केली. "लांबडी तर दोरी बी आसती. फडा काढला का? अंगावर साखळी हाय का पट्टं? नाव सांगा नाव!" काकू रडकुंडीला आल्या, तेव्हा कुठे डेपोतली मोजपट्टी काखेत मारून ते निघाले. धामण निघाली. काठ्या घेऊन आलेल्या मंडळींना त्यांनी हाकलून दिलं आणि धामण परसात सोडून आले. नागाशी मात्र ते तीन हातांवर उभे राहून कानडीत बोलत. "होगप्पा, होगु." म्हणजे जा बाबा, जा. मी एकदा विचारलं, "मामा, साप बहिरा असतो असं तुम्हीच सांगता ना?" "व्हय. त्येला कुठं सांगतोय? माझं पाय कापत्यात, त्येंला सांगतोय. डेपोवर तीस वर्सं कानडीच ऐकलीया त्येंनी."

त्यांचा आवाज उतरे तो फक्त मण्यारीचं नाव काढताना. काळी निळसर, अंगावर जोडीजोडीनं बारीक पांढऱ्या रेघा, शेपटीकडे ठळक आणि मानेकडे पुसट होत गेलेल्या. तिच्यासारखाच दिसणारा कवड्या हा तपकिरी, त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात. तो निर्विष. हे सगळं ते मला जमिनीवर काढून दाखवत. "नाग सांगून चावतोय, मास्तर. ही सांगतच न्हाय. उबेला आथरुणात येती. सूज न्हाय, रगत न्हाय, माणूस जागं बी हुत न्हाय." एवढं बोलून ते, मी बसलेला असे त्याच वाकळेवरून सावकाश हात फिरवत. मी उठून उभा राही.

आणि त्यांचा तो पाला! पान लागलेल्या, म्हणजे साप चावलेल्या, माणसाला कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचा, कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर विष चढलं, असं आमचा सगळा मुलूख मानतो. पण कुणाला काही चावलेलं नसताना रोज फटफटताच सहा घरांच्या दारांत डहाळी घेऊन उभा राहणारा माणूस मी एकच पाहिला. "चावा. कसं लागतंय? मोठ्यानं सांगा." आमच्याकडे मुक्कामाला आलेल्या शाळातपासणी साहेबांनाही सुटका मिळाली नाही. वाकड्या तोंडानं साहेब "कडू" म्हणाले, मामांनी मान डोलावली आणि पुढचं घर गाठलं. म्हाताऱ्याचा छंद, म्हणून सगळे हसत. मीही हसलो आहे.

श्रावणातली एक सकाळ. इंदूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, पान चावून "कडू" म्हटलं. मामा हलले नाहीत. "पुन्ना म्हण." "कडू, मामा." त्यांनी बोटानं तिची हनुवटी उचलली. "वर बघ, पोरी." तिच्या पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. पहाटेपासून पोटात दुखतंय, म्हणाली. मी म्हणालो, "मामा, कडू लागलं ना? मग झालं!" मामा त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "पाला घाल चुलीत! जीब जड झालीया तिची, ऐकू येत न्हाय तुला?" आत जाऊन त्यांनी मोजपट्टीनं तिची वाकळ उचलली. खाली वेटोळं होतं. पांढऱ्या रेघा, जोडीजोडीनं. त्यावर टोपली पालथी घालून ते मागं न बघता बाहेर आले.

लोंढ्याकडून येणारी बेळगावची आगगाडी मिळाली हे नशीब. डब्यात मामा तिला सारखं बोलायला लावत होते. नाव सांग, गावाचं नाव सांग, कडू म्हण. अर्ध्या वाटेत तिचा आवाज थांबला. मग ती नुसती बोट हलवत होती. बेळगावच्या दवाखान्यात लस टोचली, आळीपाळीनं हवेचा फुगा दाबून तिचा श्वास चालता ठेवला. बंद पापण्यांआड ती सगळं ऐकत होती, असं तिनं नंतर सांगितलं. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले आणि मी लहान मुलासारखा रडलो.

मामा बाहेरच्या बाकावर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिच्या मामीनं बी कडूच म्हटलं हुतं. आदल्या सांजंला आथरुणापाशी जनावर दिसलं, त्येला मी कवड्या म्हणून सोडून दिलं. नीट बघितलंच न्हाय. सकाळी पोटात दुखाय लागलं तवा पाला दिला. कडू लागला म्हणून समदी हसलो, च्या पिलो. आवाज जड झालता तिचा. मला ऐकू आलता, मास्तर. पर मी पाल्यावर इस्वास ठेवला. दुपारी गेली." सहा घरांतून रोज ते काय ऐकत फिरत होते, ते मला तेव्हा कळलं.

पुढे पाय थकले तेव्हा इंदूच सकाळी त्यांच्याकडे डहाळी घेऊन जाऊ लागली. शेवटच्या दिवशी अंगात ताप होता, पण "कडू" म्हणाले ते अगदी स्वच्छ. मग म्हणाले, "आता तू म्हण." ती म्हणाली. बराच वेळ तिच्या पापण्यांकडे बघून ते "बरं हाय" म्हणाले आणि कुशीवर वळले. दुपारी गेले.

अजून रोज सकाळी मी पान चावतो आणि मोठ्यानं "कडू" म्हणतो. इंदू माझ्या तोंडाकडे बघते, मी तिच्या पापण्यांकडे. मग आम्ही दोघंही दाराकडे बघत राहतो.