चोवीस बिटांची खरखर

“मावशी, घसा खरखरतोय तुमचा. दुसरी कुणीतरी गाऊ दे,” तिसऱ्या टेकनंतर स्टुडिओचे मालक म्हणाले. मावशींनी ते लगेच मान्य केलं. मला राग आला तो त्याचाच.

मावशी कबनूरच्या. पंधरा वर्षं लूमवर, यंत्रमागाच्या कारखान्यात. स्वतः रचलेल्या गाण्यांची कॅसेट जयंतीआधी काढायची, म्हणून आल्या होत्या. गाणी त्यांची, आवाज दुसरीचा, हे ठरायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

“व्हय की साहेब, कापूस बसला असंल घशात. शिकिवते मी दुसरीला.”

मी तिथला रेकॉर्डिस्ट. त्याआधी लूम कामगारांची पत्रकं लिहायचो, त्यामुळे गप्प बसायची सवय नव्हती. मालकांची श्रद्धा मात्र पक्की. नवं साउंड कार्ड आलं तेव्हा त्याच्या खोक्याला कुंकू लावून ते देवाच्या फळीवर ठेवलेलं. खोक्यावर छापलं होतं, ‘२४ बिट’. बाहेरच्या बोर्डावरही तेच, स्टुडिओच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात.

बिट म्हणजे काय? आवाज मोजायची एक पट्टी समजा. एक बिट वाढला की पट्टीवरच्या रेघा दुप्पट होतात, आणखी हळू आवाज मोजता येतो. एका बिटामागे साधारण सहा डेसिबल. पण कार्ड बसतं कॉम्प्युटरच्या पोटात, पॉवर सप्लाय आणि डिस्प्ले कार्डाच्या शेजारी. त्यांची गुणगुण ते इमानानं उचलतं. त्या गुणगुणीखाली रेघा कितीही बारीक असोत, उपयोग शून्य.

मालकांना हे सांगितलं. म्हणाले, “तू पत्रकवाला. कंपनी खोटं लिहील व्हय खोक्यावर?”

मग मी मावशींना चहाला बाहेर पाठवलं. माइकची वायर उपटली, रेकॉर्ड दाबलं आणि मिनिटभरानं ते मालकांना हेडफोनवर ऐकवलं. तीच खरखर. मीटर वजा बहात्तर डेसिबलवर, म्हणजे सगळ्यात मोठ्या आवाजाच्या बहात्तर खाली. बहात्तर भागिले सहा, बारा.

“मालक, मावशी बाहेर चहा पितायत. मग हे कोण गातंय?”

मालकांनी हेडफोन काढला, शर्टाला पुसला, परत लावला.

बारा बिट कामाचे. उरलेले बारा खरखर मोजत होते, अत्यंत बारकाईनं.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. कार्ड शेवटच्या स्लॉटमध्ये हलवलं. माइक थेट कार्डात खुपसणं बंद केलं आणि कोपऱ्यात पडलेल्या जुन्या मिक्सरमधून कार्डाच्या दुसऱ्या सॉकेटला, लाइन-इनला दिला. मीटर वजा चौऱ्याऐंशीवर उतरलं. म्हणजे चौदा बिट. कॅसेटला रग्गड.

मावशी गायल्या. ऐकून म्हणाल्या, “मालक, कापूस तुमच्या पेटीत हुता की.”

कॅसेट त्यांच्याच आवाजात निघाली. मालकांनी माफी मागितली नाही. बोर्डावर ‘२४ बिट’च्या आधी ‘शुद्ध’ तेवढं रंगवून घेतलं. मी मात्र तेव्हापासून एक नियम पाळतो. तक्रार आली की आधी माणसाला खोलीबाहेर पाठवायचं. त्यानंतरही जो आवाज करतो, तो दोषी.