गॅलरीत टांगलेल्या लोंब्या

नवा तांदूळ शिजू लागला की मला भंडाऱ्याच्या आमच्या फ्लॅटची गॅलरी आठवते. त्या वर्षी बाबा गावाहून उपचारांसाठी आमच्याकडे आले होते आणि येताना आपल्या बांधीतल्या धानाच्या पहिल्या लोंब्यांची जुडी विणून घेऊन आले होते. गावी ती जुडी ते मारुतीच्या देवळात टांगायचे आणि चिमण्यांनी दाणे टिपल्याशिवाय नव्या भाताचा घास घ्यायचे नाहीत. "पाखराईनं खाल्लं म्हंजे देवानं खाल्लं," म्हणायचे. आम्ही ती गॅलरीत टांगली, पण कबुतरं येऊ नयेत म्हणून तिथे जाळी लावलेली. चिमणी येणार कुठून? जाळी काढू का विचारलं, तर म्हणाले, "राहू दे, तुमाले तरास कायले?" मीही राहू दिलं. बाबा रोज सकाळी तिथे खुर्ची टाकून बसत आणि जेवताना जुनाच तांदूळ मागत. एक दिवस माझी लहानगी लेक धावत आली, "आबा, चिमणी दाणे खाऊन गेली!" बाबांनी अर्ध्या रिकाम्या लोंब्या पाहिल्या, मग खालची फरशी पाहिली. चिमणी दाणा सोलून खाते, पण तिथे एकही टरफल नव्हतं. नातीची मूठ मात्र घट्ट मिटलेली होती. त्या मुठीला हात लावून त्यांनी तो कपाळाला टेकवला आणि मला म्हणाले, "वाढ बाई, आता नवा भात. जेवला देव." पुढचं धान त्यांनी पाहिलं नाही. आता दरवर्षी मी जुडी टांगते, चिमण्या येतात, फरशीभर टरफलं पडतात. जाळी मी त्यांच्या तेरवीनंतर काढली.