दोघींचा कोयता

त्या दुष्काळी वर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने तिचा डावा हात मोडला आणि मी त्याचा उजवा मोडायला निघालो. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात सकाळी तिच्या खाटेशी तासभर बसलो होतो. कोपरापर्यंत प्लास्टर. उसाची मोळी बांधायला उशीर झाला म्हणून त्याने कोयत्याच्या उलट्या बाजूने हाणले, एवढे तिने सांगितले. पुढेही काही सांगणार होती, पण माझे लक्ष त्या प्लास्टरवरून हलेना. हे स्थळ मीच आणले होते. पोरगा सुपारीही खात नाही, असे आईला छातीठोकपणे सांगणारा मीच. नवऱ्याचा राग तर होताच, पण खरा जाळ स्वतःच्याच नावाचा होता, आणि तो कुणावर तरी काढल्याशिवाय मला चैन पडणार नव्हते.

येतो म्हणालो आणि खाली उतरलो. मोटारसायकलच्या पिशवीत टॉमी होती. टायर उचकटायची लोखंडी पट्टी, हातभर लांब. ती काढून सीटखाली अशी खोचली की बसल्या बसल्या हाताला लागावी.

मला सुट्टीही काढायची गरज नव्हती. गावच्या दूध सोसायटीत मी दुधाची फॅट मोजायचो. त्या साली गावची सगळी जनावरे छावणीला गेलेली, सोसायटीचे कॅन पालथे पडलेले. दिवसभर कोरड्या ओट्यावर बसून मी माश्या मारत होतो. माणूस मारायचे काम निघाले म्हटल्यावर अंगात आल्यासारखा सुटलो.

केज मागे टाकून आधी नेकनूर गाठले. बहिणीचे सासर तिथून जवळच, माळावर. वाटेत एक कुत्रे गाडीमागे लागले, त्याला लाथ घातली. ते कुईकुई करत लोळले, तेव्हा मला बरेच वाटले. सासरच्या दारात बहिणीची नणंद होती. नवऱ्याने टाकलेली, भावाच्या आसऱ्याने राहणारी, अंगाने काटक बाई. ती वाकळा बांधत होती. तुझा भाऊ कुठे, एवढेच मी गाडीवरून विचारले. तो तेलगावकडच्या टोळीवर गेला, ऊस तोडतोय, असे तिने सांगितले, मग पुढे आली.

"दादा, जरा खाली उतरा. तुमच्या बहिनीचं एक बोलायचंय."

मी गाडी बंदही केली नाही. मारकुट्या माणसाची बहीण मला काय सांगणार, असा माझा हिशेब. तिच्या अंगावर धुरळा उडवून मी वळलो.

परत केज, तिथून धारूर, आणि धारूरच्या पुढे घाट. त्या घाटाबद्दल खरे सांगायला हवे. उन्हाळा तोंडावर होता. डोंगर सोलून काढल्यासारखे, सीताफळीच्या नुसत्या काटक्या उरलेल्या, आणि मधेच पळस पेटलेला. वळणामागून वळण. एकीकडे कातळ, दुसरीकडे दरी, खाली तेलगावच्या बाजूचे धुरकट रान. गाडी या अंगाला झुकवायची, लगेच त्या अंगाला. प्रत्येक वळणावर मी मनात त्याला एक तडाखा देत होतो: हे मनगट, हे कोपर, हे तोंड. मला मजा येत होती. बहिणीचा हात मोडलेला, आणि मला घाट उतरताना शीळ घालावीशी वाटत होती.

एका वळणावर पाण्याचा टँकर चाललेला. गळका. रस्ता ओला झालेला, मी कडेने काढायला गेलो आणि गाडी फरफटत कठड्याला जाऊन भिडली. कोपर सोलले, पँट फाटली. टँकर थांबला, ड्रायव्हर उतरला.

"डोळे फुटले का बे?"

मी उठलो आणि त्याच्या कानाखाली वाजवली. त्यानेही हातचे राखले नाही; एकच ठोसा असा दिला की माझा ओठ दातांत चिरला. आम्ही एकमेकांची गचांडी धरून रस्त्याच्या मधोमध गरगरत होतो. तेवढ्यात खालच्या तांड्यावरच्या बाया घागरी घेऊन धावल्या. वाटले, सोडवायला आल्या. त्यांनी आमच्याकडे बघितलेसुद्धा नाही. गळतीखाली घागरी लावल्या आणि नंबरावरून आपसात भांडू लागल्या. ड्रायव्हर मला सोडून त्यांच्यावर धावून गेला. मी गाडी उभी केली. हँडल वाकडे झाले होते, पण चालत होती. टॉमी जागेवर होती, ती आधी पाहिली.

तेलगावच्या पुढे, एका शिवारात कारखान्याची टोळी सापडली. ऊस कसला, कमरेएवढा वाळका. अर्धा कारखान्याला जायचा, अर्धा छावण्यांना. काम थोडे, म्हणून त्या साली टोळीत घुसायलाही ओळख लागत होती. आमचे जावई फडाच्या तोंडाशी वाकून तोडत होते. मला पाहिले, तसा त्यांनी हातातला कोयता खाली टाकला आणि डोक्याचा रुमाल सारखा करत पुढे आले. रामराम घालायला त्यांनी हात जोडले होते. त्याच जोडलेल्या हातांवर मी पहिला तडाखा हाणला.

उजवे मनगट मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. ते खाली बसले, तरी मी मारत होतो. पाठीवर, मांडीवर, सापडेल तिथे. आमच्याकडे जावयाला अहोजाहो केल्याशिवाय बोलत नाहीत. ती सवय मारतानाही सुटली नाही. "आता कसं वाटतंय, पाव्हणं? लई हात चालतो न्हाई का तुमचा?" असे मी विचारत होतो आणि हाणत होतो. ते आईच्या नावाने ओरडत होते. पाच-सहा जणांनी मला मागून आवळले तेव्हा थांबलो. पोट भरून जेवल्यासारखे वाटत होते. ते वाटले होते, ते लपवत नाही.

टोळीचा मुकादम उतारवयाचा होता. त्याने आधी जावयाला बैलगाडीत घालून तेलगावला पाठवले, मग माझ्यापुढे येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधणार आणि वाहणार. एकट्या बाईला टोळीत कोणी घेत नाही. हे मलाही माहीत होते. मला माहीत नव्हते ते त्याने सांगितले. माझ्या बहिणीने दवाखान्यात जाण्याआधी त्याला गळ घातली होती: मला ह्या माणसाबरोबर राहायचे नाही, हात जुळला की मी आणि माझी नणंद मिळून एक कोयता धरा. आयुष्यात त्याने दोन बायांचा कोयता लावला नव्हता. पण मोडका हात झोळीत बांधून चार दिवस तिने पिच्छा पुरवला, आणि तो कबूल झाला होता. हात जुळेपर्यंत नणंद उसाचे वाळके पाचट काढणार होती, उद्यापासून येणार होती.

"आता दोघी बी नकोत," तो म्हणाला. "ज्या बाईमागं लोखंड घिऊन भाऊ येतो, ती टोळीत घिऊन मी काय करू? उद्या तिला काट्यानं खरचटलं, तरी तू माझं टाळकं फोडशील."

मी म्हटले, मी येणार नाही पुन्हा. पाया पडतो म्हटले. तो फडात निघून गेला. बाकीचे कधीच कामाला लागले होते.

दिवस कलताना तोच घाट चढलो. वाकडे हँडल दरीकडे ओढत होते आणि दोन्ही हातांनी धरूनही गाडी सरळ राहत नव्हती. एका वळणावर थांबून टॉमी दरीत फेकली. त्याने काय होणार होते? नणंदेच्या बांधलेल्या वाकळा डोळ्यांपुढून जात नव्हत्या. तेव्हा खाली उतरलो असतो, पाच मिनिटे ऐकून घेतले असते, तरी पुरे होते.

दवाखान्यात भेटायची वेळ संपत आली होती. बहीण उठून बसली होती. माझा ओठ, फाटकी पँट पाहून तिने ओळखले. मी सगळे सांगितले, मुकादमाचे बोलणेसुद्धा. नवऱ्याला किती लागले ते तिने विचारले नाही. नणंद टोळीवर गेली का, एवढे विचारले. आता दोघींनाही घेणार नाहीत म्हणे, मी म्हणालो. ती प्लास्टरवरचा चुना नखाने खरवडू लागली.

"सकाळी तासभर हितंच व्हतास की दादा," ती म्हणाली. "मला का न्हाई इचारलंस?"

सुचले नाही, रागाच्या भरात गेलो, असे काहीबाही मी बोललो. ते खोटे होते. विचारले असते तर ती जाऊ नको म्हणाली असती, हे मला सकाळीच ठाऊक होते. आणि मला जायचे होते.