नेलिदाच्या लाल चौकटी

मॉन्टेव्हिडिओतल्या त्या दूध कंपनीत कुजबुज अशी होती, की नेलिदा सुनिनोच्या नकाशात ज्याची चौकट लाल, त्याची नोकरी गेलीच म्हणून समजा. ही कुजबुज पहिल्यांदा कुणी सोडली ते देव जाणे; तिला तिखटमीठ वसुलीखात्यातल्या आल्बाने लावलं, हे मात्र सगळ्या मजल्यांना ठाऊक होतं.

नेलिदाचं काम सांगायला सोपं. कंपनीतलं प्रत्येक काम, ते ज्यावर चालतं ती संगणकप्रणाली आणि ती सांभाळणारा माणूस, हे सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये चौकटी आणि बाण काढून जोडायचं. जुना सर्व्हर लवकरच बंद व्हायचा होता, आणि त्यावर काय काय टेकलंय ते या नकाशावरून ठरणार होतं. नेलिदाला धास्ती एकच: काही नजरेतून सुटलं, तर पहाटे दुधाचे टँकर निघणारच नाहीत.

आता, असली माहिती तिथे बैठकीत कुणी देत नाही. ती निघते येर्बाचा कडू काढा पिताना. भोपळा कोरून केलेलं एकच भांडं, एकच नळी, सगळ्यांत फिरणारी. नेलिदाला पित्ताचा त्रास. ती पहिल्याच घोटाला ‘आभार’ म्हणायची, आणि एकदा आभार मानले की भोपळा पुन्हा तुमच्याकडे वळत नाही. गप्पाही वळत नाहीत.

“बाईसाहेबांना आपला काढा सोसत नाही,” आल्बा म्हणायची, “गुपितं तेवढी सोसतात.”

मग नेलिदा एकेकाला गाठून विचारू लागली. टँकरखात्याच्या वाल्देमारला तिने विचारलं, “मार्ग कोण ठरवतं?”

“ठरतात.”

“अरे, पण कोण ठरवतं?”

“पोरी, माझी पेन्शन तोंडावर आलीय. मला कशाला चौकटीत कोंबतेस?”

तिने रंगाचा अर्थ समजावला. त्याने मान डोलावली आणि दारापर्यंत जाईतो विसरला. सगळेच विसरायचे.

वर तिचे साहेब, इंजिनियर बेंतांकोर, त्यांचं वेगळंच. “माझी चौकट जाहिरातवाल्यांपेक्षा लहान का?”

“आकाराला काही अर्थ नसतो, साहेब.”

“मग मोठी करायला तुझं काय जातं?”

तिने केली. सगळे बाण वेडेवाकडे झाले. ते सरळ करता करता दुपार गेली.

काम उरकावं म्हणून बेंतांकोरनी सगळ्यांनाच नकाशात नावं भरायची मुभा दिली. आल्बाने लगेच कुजबुज सुधारून फिरवली: ज्याच्या नावावर चौकटी जास्त, तो पक्का. झालं. कालपर्यंत कशाचाच मालक नसलेला वाल्देमार टँकरांचे मार्ग, फाटकावरचा कॅमेरा आणि पगार, सगळ्यांचा धनी झाला.

“पगार तुझ्याकडे कधीपासून?” नेलिदाने विचारलं.

“दर महिन्याला घेतो की.”

ती नावं खोडायची, ते पुन्हा भरायचे. नकाशा हिरवागार झाला.

संचालकांच्या बैठकीत तो भिंतीवर झळकला. अध्यक्ष खूश. “सुरेख. करा तो सर्व्हर बंद.”

“हे खरं नाही,” नेलिदा म्हणाली. “टँकरांच्या मार्गांना आत्ता चार मालक आहेत, आणि चौघांपैकी एकालाही तिथला पासवर्ड माहीत नाही.”

बेंतांकोरनी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. तिने न तपासलेली सगळी नावं पुसली. भिंत लालभडक झाली. काखेत गरम पाण्याचा थर्मास धरून दाराशी उभा असलेला वाल्देमार पांढराफटक पडला.

अध्यक्षांनी चष्मा काढला. “सर्व्हर चालू राहू द्या. आणि हे नकाशाचं खूळ बंद.”

टँकर पहाटे निघत राहिले. ते कशाच्या जोरावर निघतात, हे कुणालाच कळलं नाही. नेलिदाची बदली ग्राहकांच्या तक्रारी ऐकायला झाली.

लाल चौकटीमुळे एकाचीही नोकरी गेली नाही. ज्या चौकटीला जबाबदार माणसाचं नाव नसेल, तिला ते सॉफ्टवेअर आपोआप लाल रंग देत असे.