संघपालचा अंगठा

संघपाल अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगात प्रेसवर होता. घंटी झाली की दांडा खाली ओढायचा, रुईची गठाण दाबायची. मग समोरचा सूर्यभान पट्ट्या बांधून ‘झालं’ म्हणेपर्यंत दांडा तसाच अंगठ्यानं आवळून धरून ठेवायचा. मधेच सुटला तर दाबलेली रुई फुगते आणि बांधणाऱ्याची बोटं पट्टीखाली सापडतात. संघपालच्या हातून तसं कधी झालं नव्हतं.

उन्हाळ्यात त्याच्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, उजवा हात मंदच राहिला. हंगाम सुरू होताना मुकादमाचा निरोप आला, "सोमवारी येऊन दाखव. घंटीवर हात पडला त प्रेस तुई, नाई त झाडू धर."

आजारपणापासून तो अमरावतीला बहिणीकडेच होता. भाची भावना राजापेठेत गेमचं दुकान चालवायची. तिनं त्याला एका जुन्या मशीनपुढं बसवलं. पडद्यावर जपानी कार्टूनमधला इमारतीएवढा रोबो. समोरच्या राक्षसाच्या छातीवर उजेडाचं एक कडं आवळत जाई. ते मधल्या ठिपक्याला टेकलं की त्याच क्षणी बटण दाबायचं, म्हणजे रोबो ठोसा मारी. आणि लगेच सोडायचं, नाहीतर रोबोचा हात अडकून पडे आणि मार आपल्यालाच बसे.

आधी त्याचा उजवा अंगठा उशिरा पडे. मग वेळेवर पडू लागला, पण उचलेना.

"सोडा ना मामा! दाबून काहून बसले?"

"सुटत नाई व माय."

"हे बटन हाय, तुमची गठाण नाई."

ट्यूशनहून खेळायला आलेली शेजारची पिंकी खिदळली, "काकानं बटनाले गोंद लावला वाट्टे!"

संघपाल हसला नाही. नुसतं दाबत राहणं म्हणजे मेहनत नव्हे. हरला की तो थांबे, अंगठ्याकडं पाही, चूक कुठं झाली ते ठरवी, मगच पुन्हा हात घाली.

रविवारी दुपारी शेवटचा राक्षस समोर आला. कडं भराभर आवळू लागलं. दाब, सोड. दाब, सोड. मागं पोरं गोळा झाली. राक्षस गुडघ्यावर आला, कोसळला. दुकान दणाणलं.

संघपाल मात्र अंगठ्याकडं पाहत होता. तो आपोआप वर उचलला गेला होता. त्यानं सांगितलं नव्हतं.

"सूर्यभान," तो पुटपुटला.

"आता हा कोन, मामा?"

"या अंगठ्याले सोडाची सवय लागली. उद्या सूर्यभाननं ‘झालं’ म्हनाच्या आधीच दांडाबी सोडून देईन हा."

भावनाचा चेहरा उतरला. मग तिनं खेळ पुन्हा लावला. "दाबा. मी ‘झालं’ म्हनेपर्यंत उचलाचं नाई."

त्यानं वेळेवर दाबलं आणि धरून ठेवलं. राक्षसानं रोबोला बदडून काढलं. पडदा काळा झाला. भावना मुद्दामच बोलेना. अंगठा वर येऊ पाहत होता.

"झालं."

"अजून लाव," तो म्हणाला.

"काका मुद्दाम हरून राहिले!" पिंकी ओरडली. कोणी तिच्याकडं पाहिलं नाही. दुकान बंद होईपर्यंत संघपाल हरत राहिला.

सोमवारी जिनिंगात घंटी झाली. दांडा खाली आला, वेळेवर. सूर्यभान पट्ट्या ओवू लागला. शेवटची पट्टी अडली. त्यानं बोटं आत घातली, ओढली. संघपालचा अंगठा वर येऊ पाहू लागला. मुकादम जवळ सरकला. संघपालनं दात आवळले. डोळे सूर्यभानच्या ओठांवर.

पट्टी बसली. बोटं बाहेर आली.

"झालं," सूर्यभान म्हणाला.

तेव्हा कुठं अंगठा सुटला.