भाऊंच्या नाकावरची हळद

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. कोलशेतच्या चौकात केतन गुडघ्यांवर बसून नगरसेवक भाऊंच्या नाकावरची हळद पुसत होता. थिनरने नाकाचा रंग उतरायला लागला; हळद होती तिथेच राहिली.

नाक एका बाकाच्या पाठीवर मागच्या बाजूने छापलेलं होतं. पाच सुटी बाकं ओळीत लावली की भाऊंचा हसरा चेहरा पुरा व्हायचा: कान, डोळा, नाक, डोळा, कान. ओळ मोडली की भाऊ मोडले.

केतन फर्निचर डिझायनर. गावातल्याच आगरी घरातला. त्याच्या बापाच्या लेखी मोठ्या कॉलेजात शिकलेला सुतार. कल्पना चांगली होती त्याची. बाक जमिनीत गाडायचं नाही, लोकांना हवं तसं हलवू द्यायचं. पाठ पुढे पाडली की टेबल, दोनचार एकमेकांना अडकवली की स्टेज. मंजुरी अडली ती फोटोवर. निधी भाऊंचा, तर फोटो हवा, आणि मोठा हवा. हलणाऱ्या बाकांवर एकच अखंड चेहरा छापायचा, ही अक्कल कुणाची, हे आता कुणालाच आठवत नाही. मान केतननेही डोलावली होती. लवचीकता हा त्याचा आवडता शब्द. पाठीच्या कण्यापर्यंत त्याने तो पाळला.

आदल्या संध्याकाळी चौकात भागीरथी आत्याच्या नातवाची हळद होती. पोरांनी तीन बाकं जोडून स्टेज केलं. पाठी पुढे पडल्या, मागची बाजू वर आली आणि भाऊंचे दोन्ही डोळे आणि एक कान बँजोवाल्यांच्या पायाखाली गेले. दुसऱ्या कानावर वडे ठेवले होते. नाक तेवढं एकटंच उभं राहिलं. जेवणं उरकेपर्यंत त्याचा व्हिडिओ वॉर्डभर फिरला होता.

भाऊंचा माणूस विनीत बाईक लावतच ओरडला, "केतनशेठ, बघितलास का व्हिडिओ? भाऊ रात्रभर झोपले नाहीत."

"बाकं हलणारीच आहेत, विनीतदादा. उद्घाटनाला तुम्हीच बोललेले, लोकांनी पाहिजे तशी वापरा."

"बोललेलो. भाषणात बोललेलो. खरंच वापरतात का रे कोण?" विनीतने हात झटकला. "दहा वाजता वेल्डर येतोय. पाचही एकमेकांना चिकटवून खाली फरशीत ठोकणार. विषय संपला."

केतनच्या हातातला बोळा थांबला. ठोकलेली बाकं शहरात पडली होती पैशाला पासरी. त्यांना डिझायनर लागत नाही.

समोरच्या ओट्यावरून भागीरथी आत्या उतरून आली. काल रात्रीची हळद तिच्या कोपरापर्यंत होती.

"कशाला पुसतंस रं? मीच लावलीय ती."

"आत्या, तुम्ही?" विनीत उडालाच.

"मंग? हलदीला आलेला मानूस कोरा पाठवतान का? भाऊ सोता आलं नाय, तेंचा थोबार आला. तेला मान दिला आम्ही!"

विनीतला हसावं की रागवावं कळेना. त्याने मालकाच्या सोयीने रागवायचं ठरवलं. पण तेवढ्यात केतन उठला होता. डिझायनरला शोभेल अशा गंभीर आवाजात तो म्हणाला, "दादा, चूक माझीच. भाऊंना पाच ठिकाणी वाटायला नको होतं. प्रत्येक बाकावर अख्खा चेहरा छापू. कसंही फिरवा, कुठेही न्या, भाऊ तुटणार नाहीत."

"म्हणजे पाच भाऊ?"

"पाच."

विनीत फोन घेऊन नाल्याकडे गेला. परत आला तेव्हा चेहऱ्यावर मोठा निर्णय झाल्याचं समाधान होतं. "भाऊ बोलले, हे आधी का नाही सुचलं? कान जरा छोटे घे फक्त."

वेल्डरला फोनवरच नको म्हणून सांगितलं. बाकं सुटी राहिली. लोकांना बसताना पाठ टेकायला आता पूर्ण आकाराचे भाऊ मिळणार होते, मागून का होईना. केतनच्या वेबसाइटवर संध्याकाळपर्यंत नवीन ओळ चढली: "स्थानिक सहभागातून विकसित केलेली रचना." सहभाग कुणाचा, ते लिहिलेलं नाही.

कामाची कीर्ती पसरायला एवढं पुरलं. ठाकुर्लीच्या एका नगरसेविकाबाईंचा फोटो रात्रीच त्याच्या मेलवर येऊन पडला. त्यांच्या चौकाची मापं घ्यायला तो उद्या सकाळी नऊला जाणार आहे.