हळू न्या रं

वकीलसाहेबांनी माझ्या आईचं वाक्य वाचलं आन् शिरूरच्या वाचनालयातली सगळी माणसं हसली.

खो खो हसली. पुढच्या रांगेतल्या एका मास्तरांनी तर धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, इतकं हसू आलं त्यांना. आन् माझी आई मागं बायकांच्या सतरंजीवर बसली होती. लेकाची पहिली गोष्ट ऐकायला मांडवगणवरून यष्टीनं आलेली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून.

ते वाक्य ती माझ्या बहिणीच्या मयताला बोलली होती.

आम्ही पिंजारी. मांडवगण फराट्याला बापाचं पिंजण. लोकांच्या गाद्या उसवायच्या, गाठी झालेला कापूस पिंजायचा, परत भरून टाके घालायचे. मी सातवी झालो आन् त्याच कामाला लागलो. पण डोक्यात गोष्टी. लिहायचं ते भल्या सकाळी, कापूस उघडायच्या आत. एकदा पिंजण सुरू झालं की घरभर कापसाचं तूस. दौतीत तूस, नीबला तूस, अक्षरांना शेपट्या फुटायच्या. मग दिवसभर मनातच लिहायचो. माणसांची बोलणी तोंडानं म्हणून बघायचो. पिंजणाच्या आवाजात कुणाला ऐकू जात न्हाई. बाप मात्र माझे ओठ बघायचा.

"काय पुटपुटतोस रं? झपाटलं का काय?"

सांजच्याला आईला वाचून दाखवायचो. ती गादीला टाके घालत ऐकायची. तिला अक्षर येत नव्हतं. पण एखाद्या माणसाचं बोलणं खोटं वाटलं की तिची सुई थांबायची. "असं कोन बोलतं रं?" म्हणायची. मी मुकाट खोडायचो. तिची सुई चालू राहिली की समजायचं, जमलं.

घरात आम्ही मराठीच बोलतो. नमाज तेवढा अरबीत. बाकी भांडण, लाड, शिव्या, रडणं, सगळं मराठीत.

माझी थोरली बहीण दौंडला दिलेली. दाजी रेल्वेत, इंजिनाच्या शेडात कामाला. बहिणीला लहानपणापासून गाडी लागायची. बैलगाडीत बसली की मळमळायचं, ओकायची. आई गाडीवानाच्या मागं सारखा धोशा लावायची, "हळू हाक रं दादा, पोरीला गाडी लागती." ती बहीण बाळंतपणात गेली. आम्ही दौंडला पोचलो तवा तिला अंघोळ घालून कफन चढवलं होतं. आमच्यात बायका कबरस्तानात जात न्हाईत. दारातूनच निरोप द्यायचा. जनाजा उचलला आन् आई उंबऱ्यावर आली. तवा रडत नव्हती. खांदा देणाऱ्यांना म्हणाली,

"हळू न्या रं पोरांनो. तिला गाडी लागती."

दाजी मटकन खालीच बसले. खांदा देणारी माणसं खरंच हळू चालायला लागली.

हे लिहायला बसलो की हात चालायचा न्हाई. लिहायचो, फाडायचो. शेवटी एकदा जमलं तवा आईला वाचून दाखवलं. तिची सुई थांबली. मी घाबरलो. ती लुगड्याच्या पदरानं नाक पुसून म्हणाली, "व्हय. असंच झालं." आन् मग थोड्या वेळानं, "दे छापायला. पोरीचं कायतरी मागं ऱ्हाईल."

शिरूरचे एक वकील दिवाळी अंक काढायचे. त्यांच्या घरच्या गाद्या बापाच्या हातच्या. त्या ओळखीवर मी गोष्ट नेऊन दिली. निरोप आला, गोष्ट घेतली. अंकाच्या आधी वाचनालयात वाचन ठेवलंय, घरच्यांना घेऊन या. मला वाटलं, मीच वाचणार. यष्टीत सगळी वाट ओठ हलवत होतो. आई म्हणाली, "भिऊ नगंस. माझ्याकडं बघून वाच."

वकीलसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून लोकांना सांगितलं, "हे आमचे पिंजारी. मुसलमान असून किती सुंदर मराठी शिकलेत!"

टाळ्या पडल्या. शिकलेत? मी काय आरबस्तानातून आलो होतो? पण मी हसलो. दात काढले, लाचारासारखे. छापून यायचं होतं ना.

मग ते म्हणाले, "तुम्ही बसा. मी वाचतो. जरा रंग भरलाय तुमच्या कथेत."

आवाज गोड होता त्यांचा. पहिली पानं माझीच होती, जशीच्या तशी. माणसं गप्प होऊन ऐकत होती. जनाजा उचलला. आई उंबऱ्यावर आली. आन् वकीलसाहेबांनी मान वाकडी केली, बायकी आवाज काढला,

"हल्लू लेके जाव रे बाबा! हमारे पोरीकू गाडी लगताय!"

तिथं हसली माणसं.

मी मागं वळून बघितलं. ते सोंग तिच्याच बोलण्याचं हाय, हे आईला कळलं नव्हतं. सगळे हसतात म्हणून तीही बिचारी कसंनुसं हसली. शेजारी वकीलसाहेबांच्या पत्नी होत्या. त्यांनी तिच्या गुडघ्यावर थाप मारली, "अहो, तुमच्यातलीच गोष्ट आहे की!" तवा आईला उमजलं. तिनं पदर तोंडात धरला. देवा, ते तिचं अर्धवट राहिलेलं हसू मी कसं विसरू?

मी उठलो. पुढं गेलो.

"साहेब, माझी आई असं बोलली न्हाई."

"अहो, मुसलमान बाईच्या तोंडी असलं मराठी वाचकाला पटत नाही. बसा. लोकांना आवडतंय."

"ती मागं बसलीय. तिला विचारा."

एकानंही मागं मान वळवली न्हाई. वकीलसाहेब माझ्या कानाशी आले. "अंकात पहिली गोष्ट तुमची लावलीय. पुण्यात वाचतात लोक हा अंक. आता हट्ट कराल तर कायमचे मांडवगणला गाद्या भरत बसाल."

मला छापून यायचं होतं. लई यायचं होतं. पोरीचं कायतरी मागं ऱ्हाईल, हे आईचं बोलणं डोक्यात घण घालत होतं. पण असं राहणार असंल तर पोर गेली ती गेलीच बरी.

मी त्यांच्या हातातले कागद ओढून घेतले. "नका छापू."

"अहो पिंजारी, वेडे की काय तुम्ही?"

"माझ्या बहिणीचं मयत हाय ते. तमाशा न्हाई."

बाहेर आलो तवा आई पायरीशी उभी होती. वाटलं, पाठीवरनं हात फिरवंल. तिनं मला विचारलं,

"म्या अशी बोलते का रं?"

"न्हाई आई."

"खरं सांग. मला कुठं कळतंय? एवढी शिकलेली मानसं हसली, म्हंजी बोलत असंन."

माझं काळीज फाटलं तिथं. ते हसले त्याचा राग आला होता, पण हे ऐकून मी पायरीवर बसून रडलो. ज्या बाईनं मला बोलायला शिकवलं, ती मलाच विचारत होती की तिला बोलता येतं का.

येताना यष्टीत कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं तर तिनं मला कोपर मारलं. तू सांग. तेव्हापासून परक्या माणसापुढं ती तोंडावर पदर धरूनच बोलायची. बाजारात भाजी घासाघीस करून घेणारी बाई, ती आता बोटानं दाखवून घ्यायला लागली. पुढं एकदा सांजच्याला मी नवी गोष्ट घेऊन तिच्यापुढं बसलो. ती म्हणाली, "मला नगं वाचू बाबा." सुईवरनं मान वर न करता म्हणाली. मरेपर्यंत तिनं माझी एक ओळ ऐकली न्हाई.

आई गेली. तिचा जनाजा उचलला तवा उंबऱ्यावर उभं राहून बोलायला कुणी नव्हतं. मीच म्हणालो, हळू न्या रं.

ती गोष्ट अजून छापलेली न्हाई. जिथं पाठवली तिथनं परत आली. सगळ्यांचा शेरा तोच. बाईची भाषा स्वाभाविक वाटत न्हाई, बदलल्यास विचार करू.

बदलणार न्हाई. त्यानंतर लिहिलेल्या दर गोष्टीत मी एक मुसलमान बाई घातलीय. कधी ती पाणी भरती, कधी दिराशी भांडती, कधी नुसती दारात उभी राहती. पण तोंड उघडलं की मांडवगणची मराठी बोलती, आन् पदर तोंडावर घेत न्हाई. संपादकांनी खुशाल परत पाठवावं. मी उद्या सकाळी, तूस उडायच्या आत, पुढची लिहायला बसणार हाय. तिच्यातही ती बोलंल.